मोबाइलसमोर गुडघा

फोन तांब्याला टेकवला तर घसरतो, डब्याला टेकवला तर पडद्यावर नुसतं छत दिसतं. शेवटी धाकट्या भावाला फोन हातात धरून जमिनीवर बसवावं लागतं, तेव्हा कुठे पलीकडच्या डॉक्टरांना गुडघा दिसतो. मग सूचना सुरू होतात. अजून मागे सरक. उजेडाकडे तोंड कर. चड्डी वर घे, वाटी दिसू दे. आता दुसरा पाय शेजारी आण. दोन्ही गुडघे शेजारी आले की सुजेतला फरक आईलाही कळतो आणि ती पडद्याबाहेरूनच विचारते, ‘‘डॉक्टरसाहेब, ऑपरेशन तर नाही ना लागायचं?’’

मावळात कबड्डी खेळणाऱ्या पोराच्या घरी हा प्रसंग आता नवलाचा राहिलेला नाही. ‘दुरून चालणारे व्यवहार’ हा यंदाचा विषय संपादकांनी कळवला, तेव्हा बँका, शाळा आणि लग्नं इतरांनी पटकावली असणार हे धरूनच मी खेळातल्या दुखापती निवडल्या. सर्दी-तापाचं औषध फोनवर विचारायची सवय आपल्याला केव्हाच लागली. पण मुरगळलेला घोटा, निखळलेला खांदा, लचक भरलेली कंबर ही हात लावून बघायची दुखणी. ती पडद्यावर बघून खेळाडूचं समाधान होतं का? आणि त्याहून अवघड प्रश्न, डॉक्टरांचं होतं का?

एकाच तालुक्यातली दोन मैदानं

हे बघायला मावळासारखा तालुका नाही. गहुंजे गाव याच तालुक्यात येतं. तिथे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचं आंतरराष्ट्रीय स्टेडियम आहे, द्रुतगती मार्गावरून जाताना त्याचे दिव्यांचे खांब दिसतात. तिथे सामना असला की सीमारेषेबाहेर फिजिओ बॅग घेऊन बसलेला असतो. खेळाडू लंगडला की अर्ध्या मिनिटात त्याच्या पायाला कोणाचा तरी शिकलेला हात लागतो.

त्याच तालुक्यात आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ही तीन खोरी आहेत. तिथल्या गावांत संध्याकाळी शाळेच्या मैदानावर किंवा देवळापुढच्या पटांगणात कबड्डी रंगते. थंडीत स्पर्धा सुरू होतात, मग जत्रांचा हंगाम आला की कुस्त्यांचे फड लागतात. इथे चढाईला गेलेल्या पोराचा पाय वळला, तर उपचार म्हणजे सोडावाल्याकडचा बर्फ आणि गावातल्या जाणत्याने तेल लावून चोळून देणं. चोळताना पोरगा जितका ओरडेल तितका गुण जास्त, असा एक समज आहे. ताज्या दुखापतीला जोरात चोळलं की आतला रक्तस्राव आणि सूज वाढते, हे कोणी सांगेपर्यंत चोळून झालेलं असतं.

कबड्डी मातीतून मॅटवर गेली, तशी दुखापतींची जातही बदलली. मातीत पाऊल थोडं सरकतं. मॅटवर बुटाची पकड घट्ट बसते. पाऊल जागीच राहतं, वरचं अंग पकड सोडवायला गर्रकन वळतं आणि त्या दोघांच्या मध्ये सापडतो तो गुडघा. ‘लिगामेंट गेली’ हे शब्द आज मावळातल्या कुठल्याही संघाच्या बाकावर ऐकू येतात. बहुतेक वेळा रोख असतो तो गुडघ्याच्या आतल्या, पुढच्या बाजूच्या अस्थिबंधाकडे, म्हणजे एसीएलकडे.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये स्टीपलचेस धावताना पडला, तेव्हा त्याचाही हाच अस्थिबंध आणि गुडघ्यातली कूर्चेची गादी दुखावली होती. देशाच्या पहिल्या फळीतल्या खेळाडूसाठी पुढची सगळी यंत्रणा हलते आणि शस्त्रक्रिया वेळेवर होते. आंदर मावळातल्या पोराची दुखापत तीच असते. त्याच्या मागे यंत्रणा म्हणून एक मोबाइल असतो, तोही रेंज असली तर.

एका तपासणीला एक दिवस

दुरूनच्या तपासणीवर रुग्ण खूश का असतात, हे समजायचं तर आधी जवळची तपासणी कशी होते ते बघावं. टाकव्याच्या पलीकडच्या एखाद्या वाडीतून निघायचं. एसटीची वेळ जुळली तर ठीक, नाहीतर जीप भरेपर्यंत थांबायचं. कान्हे किंवा कामशेत स्टेशनला यायचं. सकाळची लोकल सापडली तर उभ्याने का होईना, पुण्याला पोचता येतं. ज्याचा गुडघा दुखतो त्याने गर्दीच्या लोकलमध्ये उभ्याने जायचं, यातली गंमत रुग्णाला कळत नाही. शिवाजीनगरला उतरून रिक्षा, मग रुग्णालयात नंबर. डॉक्टर बघतात, एक्स-रे सांगतात. एक्स-रे काढून पुन्हा नंबर. तोवर दुपार होते. दुपारी लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकल विरळ असतात, म्हणून संध्याकाळच्या गाडीची वाट बघायची. पोरगा घरी पोचतो तेव्हा अंधार पडलेला असतो. सोबत वडील किंवा भाऊ असतो, तळेगाव किंवा चाकणच्या कारखान्यात कंत्राटी काम करणारा. त्याचाही त्या दिवसाचा पगार जातो.

ही वारी पहिल्या भेटीला माणूस निमूटपणे करतो. दुसऱ्या भेटीला कुरकुरत जातो. तिसऱ्या भेटीला जातच नाही. खेळातल्या दुखापतींचा खरा इलाज मात्र तिसऱ्या भेटीपासून पुढे असतो. तोवर सूज उतरलेली असते, दुखणं कमी झालेलं असतं, आणि ताकद परत मिळवायचं कंटाळवाणं काम सुरू व्हायचं असतं.

जवळ काहीच नाही असंही नाही. तळेगाव दाभाड्यात मायमर वैद्यकीय महाविद्यालयाचं भाऊसाहेब सरदेसाई ग्रामीण रुग्णालय आहे, कान्ह्याला सरकारी रुग्णालय आहे, कार्ला-खडकाळ्याला प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. हाड मोडलं तर मावळातच प्लास्टर होतं. पण क्रीडावैद्यक हे अजून शहरातलं शास्त्र आहे. पुण्यात सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात त्याचा पदव्युत्तर विभाग आहे, मुंढव्याला आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे, बालेवाडीला क्रीडासंकुल आहे. ही सगळी ठिकाणं द्रुतगती मार्गाने फार लांब नाहीत. नाणे मावळातून मात्र लांब आहेत.

हाताला जे कळतं

आता पलीकडची बाजू. एसीएल फाटली आहे की नाही, हे तपासायची एक जुनी कसोटी आहे. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातल्या जॉन लॅकमन यांच्या नावाने ती ओळखली जाते, त्यांचे सहकारी जोसेफ टॉर्ग यांनी १९७६ मध्ये ती लिहून काढली. रुग्णाला उताणं झोपवायचं. गुडघा किंचित, वीस ते तीस अंश वाकवायचा. एका हाताने मांडी घट्ट धरायची, दुसऱ्या हाताने पोटरीच्या वरच्या बाजूला धरून नळी पुढे ओढायची. अस्थिबंध शाबूत असेल तर ओढ एका जागी खटकन थांबते. फाटला असेल तर ती थांबतच नाही, मऊ मऊ पुढे येत राहते. फरक असतो काही मिलिमीटरचा. तो डोळ्यांना दिसायच्या आधी बोटांना कळतो. वर्षानुवर्षं शेकडो गुडघे हातात घेतलेल्या डॉक्टरांची बोटं हा त्यांचा खरा ठेवा. पडद्यावर तोच काढून घेतला जातो.

म्हणून दुरून तपासणारे अस्थिरोगतज्ज्ञ कान टवकारतात. कधी झालं, कसं झालं, पाऊल कुठे होतं, अंग कुठे वळलं, ‘कट्’ असा आवाज आला का, सूज तासा-दोन तासांत आली की दुसऱ्या दिवशी, जिना उतरताना गुडघा दगा देतो का. ही माहिती नीट मिळाली तर निम्म्याहून जास्त निदान तिथेच होतं. अडचण अशी की मावळातला सोळा वर्षांचा पोरगा डॉक्टरांपुढे बोलत नाही. ‘दुखतंय’ एवढंच म्हणतो आणि आईकडे बघतो. प्रत्यक्ष भेटीत त्याच्या गप्प बसण्याची भरपाई डॉक्टरांचे हात करतात. फोनवर ती सोय नाही.

तरी पडदा काही गोष्टी दवाखान्यापेक्षा चांगल्या दाखवतो, हे कबूल करायला हवं. दवाखान्यात रुग्ण चार पावलं चालतो, तीही बिचकत, जपून. घरी तो जसा चालतो तसा दिसतो. एका पायावर उभं राहून अर्धं खाली बसायला सांगितलं की गुडघा आत झुकतो का ते स्पष्ट कळतं. बूट उचलून तळ दाखव म्हटलं की झीज कुठल्या कडेला आहे ते दिसतं. घरातला जिना, न्हाणीतली ओली फरशी, भारतीय पद्धतीचा संडास, जेवायला मांडी घालून बसायची जागा, हे सगळं डॉक्टरांना आयतं बघायला मिळतं. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०२० मध्ये दुरून तपासणीची पद्धत लिहून काढली, तेव्हा ताकद तपासायला घरातल्या वजन माहीत असलेल्या वस्तू वापरा असं सुचवलं होतं. आपल्याकडे त्याला अडचण नाही. पाण्याची लिटरची बाटली म्हणजे एक किलो, आणि इंद्रायणी तांदळाची पाच किलोची पिशवी मावळात घरोघरी असते.

चार पावलं

लोहगडावर पावसाळी रविवारी गेलं की पायऱ्या दिसत नाहीत, माणसं दिसतात. जुलै २०२५ मध्ये हा गड मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या यादीत गेला. पायऱ्या निसरड्या, पायात गुळगुळीत तळाचे बूट, एका हातात मोबाइल. घोटा मुरगळायला आणखी काय लागतं?

अशा वेळी गडावरून शहरातल्या ओळखीच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लागतो. आणि इथे दुरून निदान खरोखर चालतं, कारण त्यासाठी एक ठोस हत्यार आहे. कॅनडातल्या ओटावाच्या इयन स्टील आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये घोट्याचे नियम मांडले. प्रत्येक मुरगळीचा एक्स-रे काढायची गरज नाही, तो कोणाचा काढायचा एवढंच हे नियम सांगतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर येतात, त्यांच्या मागच्या कडेवर खालच्या सहा सेंटिमीटरमध्ये किंवा टोकावर बोटाने दाबलं तर दुखतं का. पायाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जो हाडाचा उंचवटा लागतो, तिथे दुखतं का. आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दुखतं का. आणि दुखापत झाल्या झाल्या, तसंच आता तपासतानाही, लंगडत का होईना चार पावलं टाकता येतात का. हाडावर कुठेही दुखत नसेल आणि चार पावलं टाकता येत असतील, तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फारच कमी.

यातलं प्रत्येक काम सोबतचा माणूस करू शकतो. डॉक्टर पडद्यावरून बोट कुठे ठेवायचं ते सांगतात, मित्र दाबतो, दुखणाऱ्याचा चेहरा डॉक्टर बघतात. चेहरा खोटं बोलत नाही. नियमांना अपवादही आहेत. लहान मुलं, पाय बधिर झालेला माणूस आणि प्यायलेला माणूस यांच्यावर ते विश्वासाने लावता येत नाहीत. लोणावळा-खंडाळ्याच्या शनिवार-रविवारच्या गर्दीत तिसरा प्रकार कमी नसतो, हे वेगळं सांगायला नको.

पाय वाकडा दिसत असेल, हाड बाहेर आलं असेल, बोटं निळी-थंड पडली असतील, डोक्याला मार लागून उलट्या होत असतील, तर व्हिडिओ कॉलवर वेळ घालवणं हा गुन्हा समजावा. तिथे १०८ ची रुग्णवाहिका हवी, आणि राजमाची किंवा ढाकच्या बाजूला असाल तर लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखं बचाव पथक हवं. त्यांना फोन जातो तो सल्ल्यासाठी नाही, माणूस खाली आणण्यासाठी.

डॉक्टरांच्या मनातली धास्ती

डॉक्टरांच्या समाधानाचा विचार करताना महाराष्ट्रातलं एक प्रकरण विसरून चालत नाही. रत्नागिरीत बाळंतिणीच्या मृत्यूनंतर, फोनवरून उपचार सांगितल्याचा ठपका आलेल्या डॉक्टर दांपत्याला मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अटकपूर्व जामीन नाकारला. त्यानंतर फोनवर औषध सांगायला राज्यातले डॉक्टर कचरू लागले. कायदा नक्की काय म्हणतो, हे स्पष्ट नव्हतं.

ते स्पष्ट झालं २५ मार्च २०२० ला, देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्या दिवशी. केंद्राने दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. नोंदणीकृत डॉक्टर मेसेज, फोन आणि व्हिडिओ या तिन्ही मार्गांनी सल्ला देऊ शकतात, व्हॉट्सॲपवरूनही. कॉल रुग्णाने केला असेल तर त्याची संमती गृहीत. दुरून बघून भागत नाही असं वाटलं तर डॉक्टरांनी प्रत्यक्ष बोलवावं, तो निर्णय त्यांचाच. नोंदी ठेवाव्यात. औषधांच्याही याद्या आहेत. पॅरासिटामॉलसारखी औषधं कुठल्याही मार्गाने लिहून देता येतात, काही औषधांना पहिल्या वेळी व्हिडिओ लागतो, आणि अमली पदार्थ कायद्याखालची औषधं दुरून लिहिताच येत नाहीत. ट्रामाडॉल हे जोरकस वेदनाशामक २०१८ मध्ये त्या कायद्याखाली आलं. रात्री गुडघा ठणकत असलेला पहिलवान फोनवर ‘ती मागची गोळी लिहून द्या’ म्हणतो आणि डॉक्टर नकार देतात, त्याचं कारण हे. पहिलवानाला मात्र वाटतं की समोरासमोर गेलो असतो तर दिली असती.

फीचाही काटा आहेच. मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे दुरूनचा सल्ला हा सल्लाच आहे, त्याची फी घेण्यात काही गैर नाही. पण हात न लावता, सुई न टोचता, नुसतं बोलण्याचे पैसे द्यायला आपल्याकडे जिवावर येतं. म्हणून बरेच सल्ले ओळखीवर, फुकट, रात्री दहानंतर होतात. एमआरआयची फिल्म खिडकीला धरून किंवा ट्यूबलाइटपुढे धरून काढलेला फोटो, त्यात फोटो काढणाऱ्याचं प्रतिबिंब, आणि खाली मजकूर, ‘सर बघून सांगा ना’. असा सल्ला देऊन डॉक्टरांचं समाधान कसं होणार? रुग्ण मात्र दहापैकी दहा गुण देईल.

समाधान कोणाचं मोजायचं

टाळेबंदीत बॉस्टनच्या स्पॉल्डिंग पुनर्वसन रुग्णालयाशी संबंधित क्रीडावैद्यांनी रुग्ण आणि डॉक्टर या दोघांनाही प्रश्नावली दिली होती, आणि दोन्हीकडून कौल बराचसा अनुकूल आला. जगभरात अशा पाहण्या झाल्या. त्या वाचताना मला एक गोष्ट खटकत राहते. रुग्णाच्या समाधानात वाचलेला दिवस, वाचलेला पगार आणि डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं हे सुख असतं. डॉक्टरांच्या समाधानात निदानाची खात्री असते. एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या जातात आणि मग दोन्ही आकडे शेजारी ठेवून आनंद व्यक्त होतो. शिवाय टाळेबंदीत पर्याय काय होता? तहानलेल्याला पाण्याची चव विचारण्यातला हा प्रकार.

याहून मोलाचा वाटतो तो उत्तर नॉर्वेतला प्रयोग, टाळेबंदीच्या कितीतरी आधीचा. ट्रॉम्सोच्या विद्यापीठ रुग्णालयाने अस्थिरोगाच्या ३८९ रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. काहींनी रुग्णालयात यायचं, काहींनी दूरच्या एका आरोग्य केंद्रात बसून पडद्यावरून डॉक्टरांना भेटायचं. समाधानात फरक पडला नाही. पडद्यावरून भेटलेल्यांपैकी ८६ टक्के लोकांनी पुढच्या वेळीही असंच चालेल असं सांगितलं. डॉक्टरांनीही दोन्ही तपासण्यांचा दर्जा जवळपास सारखाच ठरवला.

गोम इथे आहे. त्या केंद्रातला रुग्ण एकटा फोन धरून बसलेला नव्हता. त्याच्या शेजारी अस्थिरोगाचं शिक्षण घेतलेली परिचारिका होती. डॉक्टर म्हणतील तिथे ती दाबायची, म्हणतील तसा सांधा हलवायची, जखमेचं बघायची. डॉक्टरांचे हात ट्रॉम्सोत राहिले, पण त्यांच्या जागी दुसरे शिकलेले हात होते.

आपल्याकडे हा सांगाडा तयार आहे. केंद्र सरकारची ई-संजीवनी सेवा मोहालीच्या सी-डॅकने उभी केली. २०१९ च्या अखेरीस ती आरोग्य केंद्रांसाठी सुरू झाली, एप्रिल २०२० पासून घरबसल्या डॉक्टरांना भेटायची सोय झाली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत सल्ल्यांची संख्या १० कोटींच्या वर गेली. उपकेंद्र, म्हणजे आता आयुष्मान आरोग्य मंदिर, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. आपल्या राज्यात त्यांपैकी बरेच बीएएमएस झालेले. रुग्ण त्यांच्यासमोर, मोठे डॉक्टर पडद्यावर. नॉर्वेच्या प्रयोगाचं हे देशी रूप म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच की या अधिकाऱ्यांचा दिवस रक्तदाब, मधुमेह, गरोदर माता, लसीकरण आणि नोंदींची ॲप भरण्यात जातो. गुडघा कसा धरायचा, हे त्यांना शिकवण्याची निकड कोणाला वाटलेली नाही.

फोन कोणाचा

मुलींच्या बाबतीत अडचण आणखी वेगळी. मावळात मुलींचे कबड्डी संघ आहेत, पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या मुली तर गावोगाव दिसतात. पण घरातला चांगल्या कॅमेऱ्याचा फोन वडिलांचा किंवा भावाचा असतो. व्हिडिओ कॉल म्हणजे ओसरीवर, सगळ्यांच्या देखत. मांडीचा स्नायू ओढला गेलाय, जांघेत दुखतंय, हे तिने कोणासमोर सांगायचं आणि कॅमेऱ्यापुढे कसं दाखवायचं? मग ती ‘पाय दुखतो’ म्हणते. पाळी अनियमित झाली आहे का, पोटभर जेवतेस का, हे नळीच्या हाडाच्या सततच्या दुखण्यात विचारायलाच हवेत असे प्रश्न. कमी खाणं, थांबलेली पाळी आणि हाडाला जाणारी बारीक चीर यांचा संबंध जवळचा आहे. भावाने धरलेल्या फोनवर हे प्रश्न डॉक्टर विचारत नाहीत आणि मुलगी सांगत नाही. उपकेंद्रातल्या मॅडमनी दार लावून घेतलं तर तीच मुलगी पाच मिनिटांत सगळं सांगते.

आवणीतला व्यायाम

दुरूनच्या उपचाराचं खरं सोनं व्यायामात आहे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची आणि दहा आकडे मोजायचे. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. भिंतीला धरून टाचा उंचवायच्या. हे बघायला कोणी पुण्याला जायची गरज नाही. फिजिओ आठवड्यातून एकदा पडद्यावर बघतात, चुकतंय तिथे टोकतात. कंटाळा आलेला पोरगा दर आठवड्याला कोणीतरी विचारणार आहे म्हणून व्यायाम करतो.

पण कागदावरचं वेळापत्रक जुलैत मोडतं. आवणी लागली की घरातला तरणा पोरगा खाचरात उतरतोच. गुडघाभर चिखलात, कमरेत वाकून, दिवसभर. डॉक्टर म्हणतात सहा आठवडे जपा, वडील म्हणतात पाऊस थांबणार आहे का. यात वडिलांची चूक काढता येत नाही. शहाणे फिजिओ अशा वेळी आवणीच धरून व्यायाम आखतात. रोपं उपटायचं काम बसून कर, चिखल तुडवू नकोस, बांधावरून उडी मारू नकोस, रात्री टाचा उंचव.

दुसरी घाई जत्रांची. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्यांना पुन्हा दुखापत व्हायचा धोका बराच जास्त असतो, हे नॉर्वेतल्याच २०१६ च्या अभ्यासाने दाखवलं. पाच महिन्यांत दुखायचं थांबलेलं असतं, म्हणून पोरगा मोकळा झालो असं समजतो. इथे पडदा कामाला येतो. अंगणात खडूने रेघ मारायची, बऱ्या पायावर एक लंगडी उडी, दुखऱ्या पायावर एक, टेपने अंतर मोजायचं. दुखऱ्या पायाची उडी बऱ्या पायाच्या निदान नव्वद टक्के पडली नाही, तर मैदान नाही. हा हिशोब पोराला पटतो. डॉक्टर नको म्हणाले म्हणून तो थांबत नाही, टेप नको म्हणाली म्हणून थांबतो.

लोणावळ्याचे धावपटू

लोणावळ्यातलं चित्र बघितलं की आपण त्याच तालुक्यात आहोत यावर विश्वास बसत नाही. शनिवारी पहाटे मुंबई-पुण्याचे हौशी धावपटू चढ-उतारांच्या सरावाला येतात. टाटा अल्ट्रा मॅरेथॉन ही ५० आणि ३५ किलोमीटरची शर्यत याच डोंगराळ रस्त्यांवर होते. यांचे गुडघे चढावर नाही, उतारावर बिघडतात. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकचं काम करतो, आणि सोमवार ते शुक्रवार खुर्चीत बसलेल्या मांडीला ते झेपत नाही.

हे रुग्ण दुरूनच्या तपासणीला अगदी आदर्श. घड्याळातली पळण्याची सगळी नोंद आधीच पाठवलेली, ट्रेडमिलवरचा संथ गतीतला व्हिडिओ तयार, एमआरआयचा अहवाल पीडीएफमध्ये, फी आगाऊ भरलेली, प्रश्नांची यादी हातात. डॉक्टरही खूश. इथे दुरूनची सेवा उत्तम चालते यात शंका नाही, पण ज्याला ती सगळ्यात कमी निकडीची आहे त्याला ती सगळ्यात चांगली मिळते, हेही लिहून ठेवायला हवं. याच लोणावळ्यात १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगक्रियांत शरीरात काय घडतं ते यंत्रांनी मोजून ‘योगमीमांसा’ नियतकालिकात छापायला सुरुवात केली. मोजल्याशिवाय बोलायचं नाही ही शिस्त या गावात शंभर वर्षं जुनी आहे. ती आंदर मावळात न्यायला शंभर वर्षं लागू नयेत.

मंडळांना एक विनंती

एवढं सगळं बघितल्यावर माझं मत झालं ते असं. ताज्या, सुजलेल्या गुडघ्याची किंवा खांद्याची पहिली तपासणी हात लावूनच व्हावी, तिथे वारी चुकवू नये. तपासणी कान्ह्याला किंवा तळेगावला झाली तरी चालेल. घोट्याची मुरगळ, धावण्यातली जुनी दुखणी आणि शस्त्रक्रियेनंतरच्या सगळ्या भेटी खुशाल पडद्यावर व्हाव्यात. आणि पडद्याच्या अलीकडे, रुग्णाच्या शेजारी, एक शिकलेला माणूस असावा. तो असला की खेळाडू आणि डॉक्टर दोघंही समाधानी असतात, तो नसला की फक्त खेळाडू.

तो माणूस सरकार कधी देईल याची वाट बघायची गरज नाही. कबड्डी स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांचा फ्लेक्स, मांडव, स्पीकर आणि माणूसभर उंचीच्या चषकांवर किती खर्च होतो, ते त्यांना माहीत आहे. यंदा त्यातला एक चषक कमी करा. त्या पैशांत मंडळातला एक मुलगा आणि एक मुलगी तळेगावच्या किंवा पुण्याच्या फिजिओकडे चार रविवार पाठवा. घोट्याचे नियम, बर्फ किती वेळ लावायचा, गुडघा कसा धरायचा, कोणाला हलवायचं नाही आणि १०८ कधी लावायचा, एवढं त्यांना येऊ द्या. स्पर्धेच्या दिवशी त्या दोघांची खुर्ची पंचांच्या टेबलाशेजारी मांडा.